जुन्या, वापरलेल्या चांदीच्या रुपयांचा दर्जा ओळखायला कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांच्या ट्रंकेतून २३ चांदीचे रुपये निघाले, काही राणीछाप म्हणजे व्हिक्टोरियाचे, काही राजाछाप. त्यातला एक रुपया एका दुकानदाराने 'एक्सएफ' (एक्स्ट्रीमली फाइन, वरचा दर्जा) सांगितला, तर दुसऱ्याने त्यालाच 'व्हीएफ' (व्हेरी फाइन, त्याखालचा), 'तोही घासलेला' ठरवला. आता हे आपलं आपल्याला कळायला हवं तर सुरुवात कुठून करायची, आणि त्याआधी नाणी चकचकीत करून घ्यावीत का, असं तुम्ही विचारताय.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. पाण्यानेसुद्धा नको. दिवाळी जवळ आली असेल तर घरातल्यांना आत्ताच सांगून ठेवा. आमच्या घरात सात राणीछाप रुपये होते. दर लक्ष्मीपूजनाला आजी ते चिंच लावून, वर रांगोळीने घासून चौरंगावर मांडायची. आजीनंतर आईने तेच केलं. मी नाणी जमवायला लागलो तेव्हा मोठ्या अभिमानाने ते सातही रुपये सराफ कट्ट्यावर अण्णांकडे घेऊन गेलो. अण्णांनी एक उचलला, खिडकीकडे धरून थोडा कलता केला आणि म्हणाले, "हे रुपये कुठं राहिले रे बाबा, ही तर तुमच्या घरातली भांडी झाली." वाईट वाटलं. पण त्या एका वाक्यात अर्धं शिक्षण झालं.

उरलेलं अर्धं शिक्षण मला माझ्या नोकरीतच मिळालं होतं, फक्त लक्षात उशिरा आलं. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी बरीच वर्षं तपासणीच्या टेबलावर होतो. चादर समोर पसरली की एकच ओळखायचं असतं. हा दोष मागावर पडला, धुताना पडला, की गोदामात कुणी ओढताना पडला? तिन्ही दोष वरवर सारखेच दिसतात, पण धागा सुटलेला असेल तर नक्षी तिथे मुळात भरलेलीच नसते, आणि घासला गेला असेल तर नक्षी भरून नंतर विरलेली असते. रुपयाचंही तसंच आहे. त्याच्यावर तीन हातांचं काम असतं. पहिला हात टांकसाळीचा, दुसरा बाजाराचा म्हणजे ज्या शेकडो लोकांनी तो खिशातून, कनवटीतून, गल्ल्यातून फिरवला त्यांचा, आणि तिसरा घरचा किंवा सोनाराचा. दर्जा म्हणजे दुसऱ्या हाताने किती झिजवलं त्याचं मोजमाप. पहिल्या आणि तिसऱ्या हाताचं काम त्यात मिसळू न देणं, हीच सगळी कसरत. तुमचे दोन दुकानदार बहुधा इथेच वेगळे झाले. एकाने फक्त झीज पाहिली, दुसऱ्याने घासल्याचं पण पाहिलं.

शिकायचं कसं? एकच जात निवडा आणि तिचे भरपूर नग पाहा. दहा राजांचा एकेक रुपया पाहून काही कळत नाही. पंचम जॉर्जचा रुपया सुरुवातीला सगळ्यात बरा, कारण तो खूप निघाला आणि १९१२ ते १९१९ मधली बरीचशी वर्षं आजही सहज मिळतात. सराफाकडे मोडीत आलेल्या चांदीच्या ताटलीत हे रुपये असतातच. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघून जा आणि आधी विचारा, "अण्णा, घेईन दोन, पण सगळे बघू द्या." सणाच्या आदल्या दिवशी असलं काही मागू नका, शिव्या खाल.

पंचम जॉर्जच्या रुपयावर मी पाच जागा बघतो. मुकुटाच्या मधल्या कमानीवरचे मोती, भुवई, कानाची वरची कड, मिशी, आणि झग्यावरच्या साखळीतला छोटा हत्ती. याच जागा उंच आहेत, म्हणून बोटं आधी यांनाच लागतात. हत्ती तर फुकटची मोजपट्टी आहे. त्याची सोंड आणि पाय सुटे दिसतात, मोती एकेक करून मोजता येतात, फक्त भुवई आणि कान किंचित मऊ झालेत आणि अक्षरांच्या खाचांत मूळची झळाळी शिल्लक आहे, तर तो एक्सएफ. हत्ती लगेच ओळखू येतो, पण त्याच्या अंगावरचं बारीक काम गेलंय आणि मधले मोती एकमेकांना चिकटलेत, तर व्हीएफ. हत्तीचा नुसता उंचवटा उरला, कान आणि केस एकच झाले, पण वर्ष आणि अक्षरं पूर्ण आहेत, तर फाइन. त्याखालचे दर्जे, म्हणजे व्हेरी गुड आणि गुड, नावाला 'गुड' आहेत. तिथे राजाची फक्त बाह्यरेषा उरते. नव्या माणसाची फसगत इथेच होते. विकणारा 'व्हेरी गुड कंडिशन' म्हणतो, आपल्याला वाटतं छान आहे, आणि कायद्याने तो खोटंही बोललेला नसतो.

हत्तीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९११ च्या रुपयावर हा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बरीच नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. ताटलीत १९११ चा रुपया दिसला तर तो झिजलेला असला तरी बाजूला काढा. मात्र त्याचा हत्ती मुळातच वेगळा असल्यामुळे वरची मोजपट्टी त्याला जशीच्या तशी लावू नका.

राणीछापला गालाचा उंच भाग, कानावरचे केस आणि छातीवरच्या वस्त्राची वेलबुट्टी बघायची. सातव्या एडवर्डच्या (१९०३ ते १९१०) रुपयावर डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे सगळा भार कानावरच्या केसांवर आणि दाढीवर. त्याचे केस लवकर सपाट होतात. म्हणून एडवर्डचा खरा एक्सएफ हाती लागला की मी थोडं जास्त मोजायला तयार असतो. बाकीच्या बाबतीत मी तसा चिकट आहे.

आता पहिल्या हाताकडे, म्हणजे टांकसाळीकडे. हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कधी ठसा पुरेशा जोराने बसलेला नसतो, कधी ठसाच वापरून वापरून झिजलेला असतो. मग एकही दिवस बाजारात न फिरलेल्या रुपयावरही राजाची भुवई सपाट निघते. ती झीज नव्हे. ओळखायचं झळाळीवरून, संग्राहक जिला लस्टर म्हणतात. ठसा दाबला जाताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं की त्या रेषांवरून प्रकाश बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हा फिरणारा प्रकाश सपाट भुवईवरूनही न तुटता गेला तर सपाटपणा टांकसाळीचा. भुवईपाशी येऊन तो तुटला आणि तिथे मळकट करडा ठिपका दिसला तर ती झीज. दोन्ही प्रकारचा एकेक रुपया शेजारी ठेवून दहा मिनिटं नुसता कलता करत बसा, मग विसरणार नाही.

त्यासाठी साधनं फारशी लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. त्याहून मोठ्या भिंगाखाली राजासुद्धा देवीच्या वणांनी भरलेला दिसतो आणि आपण उगाच नाणी नाकारत सुटतो. एकच दिवा, तो एका बाजूने. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात घासल्याच्या रेघा लपतात. नाणं कडेने धरायचं, खाली मऊ कापड. माझ्या हातून एडवर्डचा एक चांगला रुपया शहाबादी फरशीवर पडलाय. त्याच्या कडेला बसलेला टोचा मी अजून मोजतो.

तिसरा हात सगळ्यात लबाड. घासलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेघा दिसतात, बहुतेक एकाच दिशेने किंवा गोल गोल. आमच्या चिंच-रांगोळीचे रुपये असेच होते. अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवलेलं नाणं पांढरं दिसतं, पण मेल्यासारखं पांढरं. उजेड पडतो, फिरत नाही. पॉलिश केलेलं आरशासारखं लखलखतं, पण अक्षरांच्या कडा गोलावलेल्या असतात. जुन्या चांदीचा स्वतःचा रंग आधी फिकट सोनेरी, मग तपकिरी-निळसर आणि शेवटी काळा होत जातो आणि खोलगट जागांतून उंच भागावर हळूहळू चढतो. तो रंग ठेवा. एखाद्या नाण्याच्या अक्षरांच्या खाचांत काळपट रंग आहे आणि मोकळी जागा मात्र पांढरीशुभ्र, तर कुणीतरी वरून कापड फिरवलंय.

आपल्या भागात कडी लावलेले रुपये फार. राणीछापची माळ कित्येक घरांत होती, लमाण तांड्यांवरच्या दागिन्यांतही रुपये असतात. नंतर कडी काढून, डाखेची जागा कानसून, वर पॉलिश मारून तोच रुपया 'साफ माल' म्हणून येतो. म्हणून तोंड पाहण्याआधी कड बघायची. किनारीचे दाते सगळीकडे सारखे आहेत का, आणि राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, जिथे कडी असायची, तिथे ते बोथट किंवा गायब आहेत का? नख फिरवलं तरी कळतं. मला हे कळलं ते पैसे गेल्यावर. बरीच वर्षं झाली, गड्ड्याच्या जत्रेत एका पालावर मी १८६२ चा रुपया एक्सएफ समजून घेतला. घरी येऊन किनार पाहिली तर वरच्या बाजूला दोन-अडीच मिलिमीटर दातेच नव्हते. तोंड बघून भुललो होतो. बायको म्हणाली, "चादर घेताना काठ बघता ना तुम्ही?" काय बोलणार.

(१८६२ या वर्षावरही जास्त विसंबू नका. त्या रुपयांवर पुढे १८७४ पर्यंत तेच वर्ष छापत राहिले. मागच्या बाजूचे ठिपके मोजून ते नंतरचे कोणते हे शोधावं लागतं. ते वेगळंच व्यसन आहे.)

वजनाचा काटा मात्र जवळ हवाच, दोन दशांशांचा. टांकसाळीतून निघताना कलदार, म्हणजे इंग्रज सरकारच्या, रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असायचं, म्हणजे पुरता एक जुना तोळा. आजचे सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसं आणि दुकानदार एकच शब्द वापरून वेगळी वजनं बोलत असतात, हे ध्यानात ठेवा. माझ्या वहीत व्हीएफ रुपये ११.५ च्या वर असतात आणि केस पुरते गेलेली राणी ११.३ च्या आसपास येते. वजनावरून दर्जा ठरत नाही, पण डोळ्यांनी एक्सएफ ठरवलेलं नाणं ११.२ भरलं तर काहीतरी गडबड आहे. एकतर कानसलंय, नाहीतर खोटं आहे. ओतीव खोट्या नाण्यावर भिंगाखाली बारीक पुळ्या दिसतात आणि अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतात. जुने लोक रुपया दगडावर वाजवून घ्यायचे. तुम्ही तसं करू नका. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने टिचकी मारा. चांगला रुपया लांब खणखणतो, डाख लावलेला किंवा चिरलेला बद्द वाजतो.

धातूही सगळीकडे एक नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मी झाली, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. हे निम्म्या चांदीचे रुपये झिजले की पिवळसर-तांबूस दिसतात आणि त्यांची झळाळीही निराळी असते, म्हणून त्यांचा डोळा वेगळा बसवावा लागतो. १९४७ चे तर निकेलचेच. तुमच्या ट्रंकेत ते असतील तर चांदीतून बाजूला काढा, चुंबकाला चिकटतील. आणि १९३९ चं वर्ष दिसलं तर आनंदाने नाचण्याआधी आकडा भिंगाखाली घ्या. ते वर्ष दुर्मिळ आहे, म्हणून शेवटचा आकडा कोरून बदलण्याचे उद्योग त्याच्यावरच सगळ्यात जास्त होतात.

सोलापुरात आणखी एक घोळ आहे, तो पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना इतका भेटत नाही. आपली हद्द निजामाच्या राज्याला लागून. तुळजापूर, नळदुर्ग पलीकडे. त्यामुळे जुन्या पेट्यांतून कलदारबरोबर हाली शिक्के, म्हणजे निजामाचे रुपयेही निघतात. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशोब असायचा. चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया यंत्रावरचा, वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी कलदारपेक्षा कमी. त्याला ११.६६ ची अपेक्षा ठेवून खोटा ठरवू नका. माझ्या ओळखीच्या एकाने चक्क मोडीत घातलाय. त्याच्यावर मी मिनारांचं बारीक काम आणि दारातलं अक्षर बघतो. ते फारसी लिपीतलं 'मीम' असेल तर निजाम महबूब अली खानांच्या वेळचा, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानांच्या. अक्षर वाचता येत नसेल इतकं झिजलं तर मी फाइनच्या वर जात नाही.

त्याआधीचे हातोड्याने पाडलेले हाली, किंवा आपले मराठेशाहीतले अंकुशी, चांदवडी रुपये यांना इंग्रजी दर्जाची पट्टी लावणं म्हणजे हातमागाच्या साडीला यंत्रमागाचं माप लावणं. तिथे ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकूर अर्धाच उतरतो. तो दोष नाही, रीत आहे. मी बघतो की वर्ष उतरलंय का, खूण पूर्ण बसलीय का, आणि सराफाने पारखताना मारलेले टोचे चेहऱ्यामोहऱ्यावर आलेत का. टोच्यांमुळे भाव उतरतो, पण मला ते आवडतात. कुणीतरी शंका घेतली आणि रुपया खरा निघाला, इतकं तर त्यावरून कळतं.

सत्तरपैकी गुण देऊन सीलबंद डबीत घालणाऱ्या कंपन्यांबद्दल बरेच जण विचारतात. ती पट्टी विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी काढली. कल्पना अशी की ७० गुणांच्या नाण्याला १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत. ते भावाचं गणित केव्हाच मोडलं, आकडे तेवढे उरले. त्यात व्हीएफ वीसपासून, एक्सएफ चाळीसपासून, आणि न वापरलेलं नाणं साठपासून पुढे. दुर्मिळ नाणं असेल तर डबीचा खर्च परवडतो. १९१८ च्या साध्या व्हीएफ रुपयाला कशाला? त्याचा भाव चांदीच्या भावाच्या आसपासच राहणार.

डोळा बसवायला मी केलेला एक उद्योग सांगतो. प्रत्येक रुपया आकडा घातलेल्या कागदी पाकिटात ठेवायचा, वहीत त्याचा दर्जा आणि कारण लिहायचं: 'हत्ती पूर्ण, भुवई मऊ, झळाळी अक्षरांत'. महिन्याने वही न उघडता सगळे पुन्हा ठरवायचे आणि मग ताडून बघायचं. पहिल्या खेपेला माझे निम्म्याहून जास्त दर्जे बदलले होते, आणि जवळजवळ सगळेच खाली आले होते. स्वतःच्या मालाला आपण नेहमी वरचा नंबर देतो. आता मी दोन्ही बाजू वेगळ्या ठरवतो आणि विकत घेताना कमी दर्जा धरतो.

शिवाय न वापरलेलं नाणं कसं दिसतं हे एकदा तरी डोळ्यांनी बघा, नाहीतर एक्सएफ नेमका कशाच्या खाली आहे हे कळतच नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात तर सकाळी मुंबईत. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. नाशिककडे जाणं झालं तर त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलंही संग्रहालय बघण्यासारखं आहे.

ठेवताना मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याचा हिरवा चिकटा चांदीवर चढतो. रबर बँडही नको, त्यातल्या गंधकाने काळा पट्टा पडतो. आणि कुणी 'शेतात हंडा सापडला' म्हणून नाणी दाखवायला आणली तर स्वस्त म्हणून घेऊ नका. जमिनीत सापडलेला ठेवा कलेक्टर कचेरीत कळवावा लागतो, तो कायदा १८७८ पासूनचा आहे.

तुमच्या ज्या रुपयावरून वाद झाला त्याचे तीन फोटो टाका. तोंड, पाठ आणि वरच्या बाजूची किनार. फ्लॅश बंद, टेबलावरचा दिवा डाव्या हाताला, नाणं किंचित कलतं. आणि वजन लिहा.